ओर्व्हिएतो की कोर्तोना? मित्रमंडळींसह महिनाभर राहायचं तर

इटलीतल्या एखाद्या डोंगरमाथ्यावरच्या गावात महिनाभर घर भाड्याने घ्यायचं, सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करायचा, कुठेही धावायचं नाही. हा बेत हल्ली बऱ्याच ग्रुपवर शिजतो. दोन-चार दिवस फोटो फिरतात, कोणी सिएनाचं नाव काढतं, कोणी पेरुजाचं, आणि गाडी रोम-फ्लॉरेन्स रेल्वेमार्गावरच्या दोन नावांवर येऊन थांबते: उंब्रियातलं ओर्व्हिएतो आणि तोस्कानातलं कोर्तोना. दोन्ही एत्रुस्कन काळापासूनची, म्हणजे रोमनांच्याही आधीची, दोन्ही उंचावर, दोन्हीकडून खालचं खोरं दिसतं. फोटो बघून ठरवायला बसलात तर महिना तिथेच जाईल.

माझं मत आधीच सांगतो. पाच-सहा जण असतील, त्यांत कोणी पासष्टीच्या पुढचं असेल, कोणी लॅपटॉप घेऊन काम करणारं असेल, तर ओर्व्हिएतो. दोघं-तिघं असाल, पाय धड असतील आणि संध्याकाळचा वारा हवा असेल, तर कोर्तोना. कारण असं की आठवडाभराच्या सहलीत सगळे मिळून हिंडतात, महिन्याच्या मुक्कामात नाही. पहिला आठवडा सरला की प्रत्येकाला आपापलं सुटं व्हायचं असतं. कोणाला चर्चमध्ये तासभर बसायचं असतं, कोणाला नुसती कॉफी प्यायची असते, कोणाला मंडळींपासून अर्धा दिवस रजा हवी असते. तेव्हा गाव निवडताना प्रश्न एकच विचारायचा: ग्रुपमधल्या सगळ्यांत अडखळत चालणाऱ्या माणसाला, कोणाला न विचारता, एकट्याने घराबाहेर पडून परत येता येईल का?

स्टेशनापासून दारापर्यंत

ओर्व्हिएतोचं स्टेशन खाली, ओर्व्हिएतो स्कालो या वस्तीत आहे. स्टेशनातून बाहेर आलं की समोरच फ्युनिक्युलर, सप्तशृंगी गडावर आहे त्या जातीची. ती काही मिनिटांत वर पियाझ्झा काहेनला, म्हणजे काहेन चौकात, सोडते. 1888 मध्ये ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची. मधे बरीच वर्षं बंद होती, 1990 पासून विजेवर चालते. वर पोचल्यावर छोटी बस कॅथीड्रलपर्यंत नेते. फ्युनिक्युलर रात्री लवकर बंद होते, त्यानंतर बसवर भिस्त. रोमहून शेवटच्या गाडीने यायचं असेल तर हे आधीच बघून ठेवायचं.

कोर्तोनाला दोन स्टेशनं, आणि दोन्ही गावात नाहीत. कामुचीआ पायथ्याशी, पाचेक किलोमीटरवर. तेरोंतोला त्याहून लांब. कामुचीआहून बस वर येते, पण रविवारी फेऱ्या तुरळक, आणि बसची वेळ गाडीच्या वेळेशी जुळेलच असं नाही. टॅक्सी आधी सांगून ठेवावी लागते. दोघं असाल तर ही फार मोठी अडचण नाही. सहा जणांच्या सहा वेळा असल्या की रोज संध्याकाळी ग्रुपवर ‘कोण कुठे आहे, कोणाला आणायचंय’ सुरू होतं.

रेल्वेच्या हिशेबात मात्र कोर्तोना अगदीच मागे नाही. ओर्व्हिएतोहून रोम प्रादेशिक गाडीने सव्वा-दीड तासावर, फ्लॉरेन्स दोन तासांच्या पुढे. कोर्तोनाचं उलट: फ्लॉरेन्स जवळ, रोम लांब. शिवाय तेरोंतोलाहून पेरुजा आणि आसिसीकडे फाटा निघतो, आणि आरेझ्झो तर अगदी हाकेच्या अंतरावर. महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि त्याच्या आदल्या शनिवारी आरेझ्झोत जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. जुनी कुलपं, पितळी दिवे, चरख्याचे सुटे भाग असलं काही बघत तासन्‌तास फिरणारा मित्र ग्रुपमध्ये असेल तर त्याचं मत कोर्तोनालाच पडेल.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: संप. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवणं बंधनकारक असतं. परतीचं विमान असेल त्या आठवड्यात सूचना बघत राहायच्या.

गुडघे

ओर्व्हिएतो ज्वालामुखीच्या राखेतून घडलेल्या तुफा दगडाच्या पठारावर आहे. चारी बाजूंनी तुटलेले कडे, पण वर गेलात की गाव बरंचसं सपाट. पियाझ्झा काहेनपासून कोर्सो काव्हूरने सरळ चालत निघालं तर सौम्य चढ लागतो, दम लागत नाही. पश्चिमेकडच्या जुन्या वस्तीत थोडे चढउतार आहेत, घर शक्यतो त्या टोकाला घेऊ नये. ज्यांना चालायचंच आहे त्यांच्यासाठी कड्याच्या पायथ्याने गावाला वळसा घालणारी पाचेक किलोमीटरची पायवाट आहे. सकाळी निघून न्याहारीला परत येता येतं.

कोर्तोना उतारावर चिकटलेलं आहे. व्हिया नात्सिओनाले हा तिथला एकमेव सपाट रस्ता, आणि गावकरी त्याला ‘रुगापियाना’ म्हणतात, म्हणजे सपाट गल्लीच. बाकी सगळं वर किंवा खाली. पियाझ्झा सिन्योरेल्लीतून सान्ता मार्गेरिताच्या चर्चकडे निघा. पहिल्या वळणापर्यंत गप्पा चालू असतात. पुढे गल्ली अरुंद होते, दगडी पायऱ्या लागतात, त्याही एका मापाच्या नाहीत. एखाद्या दाराशी कुंडीला पाणी घालणारी आजी ‘बोंजोर्नो’ म्हणते आणि तुम्हाला उत्तर द्यायला श्वास उरलेला नसतो. वर पोचल्यावर त्राझिमेनो सरोवर दिसतं, त्याच्या काठावर हॅनिबलने ख्रिस्तपूर्व 217 मध्ये रोमन फौज कापून काढली होती. नजारा असा की चढाचा राग उतरतो. पण दुधाची पिशवी आणायला रोज तसल्या गल्लीतून खाली-वर करायचं असेल, तर नजारा चौथ्या दिवशी मदतीला येत नाही.

म्हणून कोर्तोनात घर घेताना मालकाला दोन प्रश्न नेमके विचारायचे. रुगापियानापासून दारापर्यंत पायऱ्या किती, आणि दारापासून खाटेपर्यंत किती. दुसरा प्रश्न ओर्व्हिएतोतही विचारायचा, कारण जुन्या घरांना लिफ्ट क्वचितच असते. न्हाणीघरांची संख्या मोजा, आणि एका बेडरूममधून दुसरीत जावं लागतं का तेही बघा. जुन्या इमारतींत असा आराखडा सर्रास सापडतो आणि फोटोत तो कळत नाही. पन्नाशीतल्या मित्रांची मैत्री तुटायला एवढं कारण पुरतं.

स्वयंपाकघर

महिनाभर बाहेर खाणं खिशालाही जड आणि पोटालाही. त्यामुळे घराची खरी कसोटी इथे लागते.

पहिली गोष्ट वीज. इटलीत बहुतेक घरांची वीजजोडणी तीन किलोवॉटची असते. ओव्हन, कपड्यांचं यंत्र आणि पाणी तापवायची किटली एकदम लावली की घर अंधारात, आणि वीज परत चालू करायचं बटण बऱ्याचदा खाली जिन्यापाशी मीटरजवळ. सहा जणांच्या घरात गॅसची शेगडी असेल तर निम्मा ताण तिथेच संपतो. इंडक्शन असेल तर कोणी कधी काय लावायचं याचं वेळापत्रकच करावं लागतं.

दुसरी गोष्ट आपलं जेवण. उंब्रियाच्या डोंगरात, कास्तेल्लुच्चोत पिकणारी बारीक मसूर भिजत न घालता शिजते आणि तिची आमटी झकास होते. काबुली चणे सगळीकडे. हरभऱ्याचं पीठ सुपरमार्केटात ‘फारीना दि चेची’ नावाने मिळतं. आपल्या बेसनापेक्षा किंचित जाडसर वाटलं तरी पिठलं उत्तम होतं. त्याबरोबर तिथला पाव खायचा. तोस्काना आणि उंब्रियाचा पारंपरिक पाव बिनमिठाचा असतो, नुसता खाल्ला तर अळणी, पिठल्यासोबत मात्र बरोबर बसतो. कुकर न्यायचा असेल तर शिट्टीचाच न्या. तिथले कुकर शिट्टी मारत नाहीत आणि आपल्या माणसांना शिट्ट्या मोजल्याशिवाय डाळ शिजली असं वाटत नाही. मिळत नाही ती कोथिंबीर. भाजीवाल्याकडे दिसते ती हुबेहूब तशीच जुडी पार्स्लीची असते, वास घेऊनच घ्या.

इथे ओर्व्हिएतोला एक छुपा फायदा आहे. रोमच्या तेर्मिनी स्टेशनाजवळ, पियाझ्झा व्हित्तोरियोच्या भागात एस्क्विलिनोचा बाजार आहे. तिथे आणि आसपासच्या दुकानांत कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, तूरडाळ, सगळं मिळतं. ओर्व्हिएतोहून सकाळी निघून दुपारी पिशव्या भरून परतता येतं. एरवीचा ताजा माल गुरुवारी आणि शनिवारी पियाझ्झा देल पोपोलोतल्या बाजारात. कोर्तोनाचा बाजार शनिवारी. मोठी सुपरमार्केटं दोन्ही गावांत खालीच, म्हणजे स्कालोत किंवा कामुचीआत. फरक एवढाच की एकीकडून फ्युनिक्युलर वर आणते आणि दुसरीकडे बसची वाट बघायची.

बाहेर जेवायचं तर कोर्तोनाच्या बाजूला पिची, म्हणजे हाताने वळलेला जाड पास्ता, आणि त्यावर आल्योने या मोठ्या लसणाचा टोमॅटो रस्सा. तो शाकाहारी असतो. ओर्व्हिएतोत तोच प्रकार उंब्रिकेल्ली नावाने. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, पान्चेत्ता, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, नको हेही स्पष्ट सांगायचं. पार्मिजानो चीज रेनेटने, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने, बनतं, हे कडक शाकाहारी मंडळींना जाण्याआधीच सांगून टाका. मांसाहारींना कोर्तोना जास्त मानवेल. खालचं व्हाल दि कियाना म्हणजे कियानिना गाईंच्या प्रसिद्ध बीफचं घर.

चित्रं आणि गर्दी

चित्रांवरून निवड करू नका, तिथे बरोबरी आहे. चित्रकार लुका सिन्योरेल्ली जन्माने कोर्तोनाचा, पण त्याचं सर्वांत थोर काम ओर्व्हिएतोच्या कॅथीड्रलमध्ये: सान ब्रित्सिओ चॅपलमधली कयामतीच्या दिवसाची भित्तिचित्रं, 1499 पासून पुढच्या काही वर्षांत रंगवलेली. ते काम आधी 1447 मध्ये फ्रा आंजेलिकोने सुरू केलं होतं, आणि त्याच फ्रा आंजेलिकोचं ‘अनुन्सिएशन’ (देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता देतो ते चित्र) कोर्तोनाच्या धर्मप्रांत संग्रहालयात आहे. एका गावी राहा, दुसऱ्या गावी दिवसभर जाऊन या. ओर्व्हिएतोत आणखी एक बघायचं ते सान पात्रिझियोची विहीर. 1527 मध्ये रोम लुटलं गेल्यावर पोप क्लेमंट सातवा ओर्व्हिएतोत आला आणि वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्याने ती खोदायला लावली. दोन गोल जिने, प्रत्येकी 248 पायऱ्या, एकमेकांना न भेटणारे, म्हणजे उतरणारं खेचर आणि चढणारं खेचर समोरासमोर येऊ नये.

गर्दी ओर्व्हिएतोत दिवसा जास्त. रोमहून सकाळी आलेले लोक संध्याकाळी परत जातात आणि सातनंतर गाव गावकऱ्यांचं होतं. कोर्तोनात अमेरिकी जास्त, तिथे जॉर्जिया विद्यापीठाचं केंद्रही आहे. इंग्रजीवर काम भागतं, ओर्व्हिएतोत चार इटालियन वाक्यं शिकून जावं. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्हीकडे भाजतं, पण कोर्तोना साधारण 500 मीटर उंचीवर, म्हणून रात्र सुसह्य. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर घ्या आणि हा वाद मिटवा.

शेतावरचं घर?

ग्रुपमध्ये कोणीतरी तिसरा पर्याय काढतंच: गावाबाहेर, ऑलिव्हच्या बागेत, तरणतलाव असलेलं शेतघर. लहान मुलं असतील आणि मुक्काम आठवड्याचा असेल तर जरूर घ्या. महिन्यासाठी नको. गाडीशिवाय पानही हलत नाही, आणि गाडी चालवणारा एकच असला तर तो दहाव्या दिवसापासून तोंड पाडून बसतो. भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. जुन्या गावांच्या आत मर्यादित वाहतुकीचे पट्टे असतात, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचा कागद काही महिन्यांनी पुण्या-मुंबईच्या घरी येतो.

करार करताना

शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, त्यामुळे महिन्याला अडचण नाही. भाड्याच्या घराचा मालक तुमच्या पासपोर्टची माहिती पोलिसांच्या यंत्रणेत नोंदवतो. मागितली तर घाबरू नका. पण घर कोणा मित्राचंच असेल आणि तुम्ही पाहुणे म्हणून जात असाल, तर बिगर-युरोपीय पाहुण्याची सूचना त्या यजमानाने 48 तासांत द्यायची असते, आणि व्हिसाच्या अर्जाला त्याचं निमंत्रणपत्रही लागतं. हे मित्राला आधीच सांगा, पुष्कळांना ठाऊक नसतं.

ऑक्टोबरनंतर जाणार असाल तर हीटिंग भाड्यात धरलंय का ते लेखी घ्या. इटलीत मध्यवर्ती हीटिंग कधी सुरू करायचं याच्या तारखा हवामान विभागांनुसार कायद्याने ठरलेल्या आहेत, कुठे 15 ऑक्टोबर, कुठे 1 नोव्हेंबर. त्याआधी थंडी पडली तर शालीच. कचऱ्याचे पाच-सहा प्रकार वेगळे करून ठरलेल्या दिवशी बाहेर ठेवायचे असतात, तो तक्ता फ्रीजवर लावलेला असतो. आणि अनामत रक्कम एकाच्या नावावर भरू नका; सगळ्यांचे वाटे निघण्याआधीच गोळा करा, कोणी शेवटच्या क्षणी गळलं तर त्याचा वाटा परत द्यायचा की नाही हेही तेव्हाच ठरवून टाका.