मास इफेक्ट लेजंडरी एडिशन: अनेक महिने खेळल्यानंतर, मुख्यतः एका बटणाविषयी

मास इफेक्ट या अंतराळातील लढायांवरच्या व्हिडिओ गेम मालिकेच्या पहिल्या तिन्ही भागांचा एकत्रित संच, म्हणजे 2021 साली आलेली लेजंडरी एडिशन, मी गेले कित्येक महिने खेळत आहे. तिच्यातील लढाईविषयी सविस्तर लिहायचे मनात होतेच, निमित्त मात्र कंट्रोलरच्या बिघाडाचे झाले. त्याच्या उजव्या बाजूचे सर्वांत खालचे बटण आधी अडखळू लागले आणि मग कधी लागे, कधी लागत नसे. दुरुस्ती केंद्राने बटणाची झीज वॉरंटीत बसत नाही असे सांगून तो होता तसाच परत केला. बाकी सर्व ठणठणीत असताना एका बटणापायी नवा कंट्रोलर घेणे मला पटेना, म्हणून ते बटण शक्य तितके कमी वापरून खेळायचे ठरवले. पहिल्या भागात हे बऱ्यापैकी जमते. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात मुळीच जमत नाही, आणि या मालिकेच्या नियंत्रणाविषयीचे माझे मुख्य म्हणणे नेमके तेच आहे.

पहिल्या भागात आडोसा घेण्यासाठी बटण लागत नाही. भिंतीकडे चालत गेले की आपला नायक शेपर्ड तिला टेकतो, मागे ओढले की सुटतो. शिवाय वाकून बसण्याची स्वतंत्र सोय आहे, जी पुढच्या भागांतून काढून टाकण्यात आली. 2007 सालच्या मूळ आवृत्तीत भिंतीला टेकणे आणि सुटणे दोन्ही ताठर होते. नव्या आवृत्तीत ते बरेच सुधारले आहे. हातघाईचा फटकाही पूर्वी शत्रू जवळ असताना गोळी झाडली की आपोआप बसत असे, त्याला आता वेगळे बटण मिळाले आहे. क्रोगन हा धिप्पाड परग्रहवासी अंगावर धावून येत असताना शॉटगन झाडायची की ठोसा द्यायचा, हे आता खेळ ठरवत नाही, खेळणारा ठरवतो.

नेमबाजीतील बदलाविषयी माझे मत सुरुवातीला प्रतिकूल होते. मूळ खेळात ज्या शस्त्राचे प्रशिक्षण नाही ते हाती घेतले की नेमवर्तुळ पसरून निरुपयोगी होई आणि स्नायपर रायफल सतत डोलत राही. नव्या आवृत्तीत हे डोलणे गेले आणि कोणत्याही क्लासला, म्हणजे शेपर्डसाठी निवडलेल्या लढवय्याच्या प्रकाराला, कोणतेही शस्त्र नेमके चालवता येऊ लागले, तेव्हा भूमिकेचे वजनच कमी केले असे मला वाटले. पुढे वेगवेगळे क्लास खेळल्यावर ते मत टिकले नाही. शस्त्राचे खास कौशल्य अजूनही प्रशिक्षण असलेल्यालाच मिळते, त्यामुळे क्लासमधला फरक शिल्लक राहतो. आणि नेम अचूक धरूनही गोळी भलतीकडे जाण्याचा, पहिल्या काही तासांतच अनेकांना खेळ सोडायला लावणारा त्रास मात्र संपतो.

2010 सालच्या दुसऱ्या भागाने बंदूक तापण्याची पद्धत काढून तिच्या जागी थर्मल क्लिप, म्हणजे उष्णता शोषून घेणाऱ्या, बदलायच्या कांड्या, आणल्या. पहिल्या भागात गोळ्या संपत नाहीत, फक्त उष्णता सांभाळावी लागते. दुसऱ्यात मात्र जमिनीवर पडलेल्या क्लिप वेचत फिरावे लागते. नव्या आवृत्तीत त्या अधिक मिळतात, पण मला जुनी पद्धतच अधिक आवडते, कारण तिच्यात गोळी झाडण्याचे थांबवणे हाही एक निर्णय असतो. याउलट शिल्ड, बॅरियर आणि आर्मर या तीन प्रकारच्या कवचांची स्पष्ट विभागणी हा दुसऱ्या भागाचा खरा लाभ आहे. शत्रूचे कवच उतरल्याशिवाय त्याला बायोटिकने, म्हणजे मनाच्या जोरावर वस्तू हलवणाऱ्या शक्तीने, उचलता येत नाही, आणि कूलडाउन (शक्ती पुन्हा वापरण्याआधी थांबावे लागणारा वेळ) सर्व शक्तींना सामाईक असल्याने कोणती शक्ती आधी वापरायची याचा विचार करावाच लागतो.

लढाई म्हणून 2012 सालचा तिसरा भाग सर्वांत समृद्ध आहे. शस्त्रांच्या वजनावर शक्ती परत मिळण्याचा वेग ठरतो, एका शक्तीवर दुसरी आदळून स्फोट घडवता येतो, आणि ओम्नी-ब्लेड या हातावर उमटणाऱ्या पात्याचा जोरदार वारही आहे. मात्र याच भागात माझे ते बटण सर्वाधिक राबते: धावणे, आडोसा घेणे, आडोशावरून उडी मारणे, कोलांटी घेणे, वस्तू उचलणे, यंत्र चालू करणे, हे सारे त्याच्याच माथी आहे. इन्सॅनिटी या सर्वांत अवघड पातळीवर बॅन्शी ही शत्रू समोर आली की याची किंमत कळते. ती झटक्याझटक्याने जवळ येते, आपण खोक्यामागून मागे सरतो, पळण्यासाठी बटण दाबून धरतो, आणि वाटेतल्या पुढच्या खोक्याला शेपर्ड चिकटून बसतो. तेवढ्यात ती त्याला हाताने उचलते आणि शिल्ड पूर्ण भरलेली असली तरी सारे तिथेच संपते. कन्सोलच्या सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करून हे सुटत नाही, कारण पाचसहा कामे एकत्र बांधलेलीच राहतात. ती फक्त दुसऱ्या बटणावर जातात. पीसीच्या कीबोर्डवर हाच भार स्पेसबारवर आहे. पहिल्या भागातील माको गाडीचे नवे नियंत्रण न आवडणाऱ्यांसाठी जुने निवडण्याची सोय ठेवली आहे. एका गाडीसाठी एवढी आस्था दाखवता येते, तर प्रत्येक चकमकीत लागणारे धावणे आणि टेकणे वेगळे करण्याचा पर्याय द्यायलाच हवा होता.

हे शक्य असल्याचे मालिकेतील 2017 सालच्या अँड्रोमेडा या पुढच्या खेळाने दाखवले आहे. तिथे आडोसा आपोआप घेतला जातो, धावणे, उडी आणि झटकन बाजूला होणे यांची बटणे वेगवेगळी आहेत, आणि जेटच्या साहाय्याने हवेतूनही नेम धरता येतो. हालचालीपुरते बोलायचे तर मालिकेत याहून सरस काही नाही. परंतु खेळ थांबवून सोबत्यांच्या शक्ती हव्या तिथे वापरण्याची चक्राकार यादी तिथे नाही, आणि तिच्याशिवाय सोबती केवळ आपल्यासोबत लढणारे लोक उरतात. त्यामुळे हालचाल कितीही मोकळी असली तरी मी पुन्हा पुन्हा जुन्या तिघांकडेच वळतो.

ज्यांचे हे बटण कुरकुरत असेल त्यांनी तिसरा भाग व्हॅनगार्ड हा क्लास घेऊन खेळावा. एकच हलकी शॉटगन ठेवली तर चार्ज, म्हणजे शत्रूवर झेपावण्याची शक्ती, फार लवकर परत मिळतो, तो मधले अडथळे पार करून थेट शत्रूवर आदळतो आणि बॅरियरही भरून देतो, त्यामुळे आडोशाची गरजच क्वचित पडते. बॅन्शीवर मात्र चार्ज करू नये. तिच्यासाठी सुरुवातीपासूनच खोक्यांपासून दूर, मोकळ्या जागेत उभे राहून लांबूनच आर्मर उतरवत राहावे.