आठ महिने प्रश्नसंच ॲप वापरल्यावर: सगळं अडलंय एका ‘काबरं’पाशी

एका प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलंय, ही माझी तक्रार परवा ॲपवाल्यांनी तिसऱ्या खेपेला ‘निकाली’ काढली. प्रश्न जसाच्या तसा आहे. म्हणून आज नाइट ड्यूटी उतरल्यावर झोप बाजूला ठेवून लिहायला बसले. ॲपचं नाव देत नाही, भांडण अजून चालू आहे. नॉरसेटची, म्हणजे एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेची, तयारी करणाऱ्यांना अशी ॲप माहीतच आहेत.

वर्षाचे १,८०० रुपये भरले, म्हणजे महिन्याला दीडशे. मी अमळनेरहून जळगावला रोज रेल्वेने ये-जा करते. धरणगावच्या पुढे नेटवर्क गेलं तरी उतरवून ठेवलेले संच चालतात, गाडी लेट झाली की वीस-पंचवीस प्रश्न होतात. एवढ्यापुरते पैसे वसूल.

ॲप मी मुळात पेशंट केअर आणि कम्युनिकेशनच्या भागासाठी घेतलं. औषधांचे डोस, ग्लासगो कोमा स्केल (पेशंट किती शुद्धीत आहे ते मोजायची पट्टी), नर्स-पेशंट नात्याचे पेप्लाऊचे टप्पे, दुःखाला सामोरं जाण्याच्या क्युब्लर-रॉसच्या पाच अवस्था, हे सगळं जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) वहीत पडलेलं आहे, त्यासाठी कोणी पैसे घालू नयेत. संवादाचे प्रश्न मात्र पाठ करून सुटत नाहीत. चारही पर्याय माणुसकीचे वाटतात. नॉरसेटच्या प्रिलिम्सला, म्हणजे पूर्वपरीक्षेला, १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. वर चुकलं की एक तृतीयांश गुण कापतात, तीन चुकांत एक बरोबर उत्तर गेलं.

आता भांडणाचं मूळ. पेशंट म्हणतो, ‘मला उद्याच्या ऑपरेशनची भीती वाटते.’ पर्याय असे: (१) काळजी करू नका, डॉक्टर चांगले आहेत; (२) तुम्हाला भीती का वाटते; (३) कशाची भीती वाटते ते सांगाल का; (४) डॉक्टरांना बोलावते. संच १४ मध्ये बरोबर उत्तर तिसरं, आणि तेच बरोबर आहे. संच ३१ मध्ये शब्द थोडे फिरवून हाच प्रश्न पुन्हा येतो, तिथे उत्तर दिलंय ‘भीती का वाटते’. मी दोन्हींचे स्क्रीनशॉट पाठवले. पहिल्यांदा उत्तर आलं, ॲप अपडेट करा. दुसऱ्यांदा, तज्ज्ञांकडे पाठवलंय. तिसऱ्यांदा थेट निकाली. हजारो प्रश्नांत एक चुकला तर काय एवढं, असं माझी रूममेट म्हणते. पण ‘का’ विचारलं की पेशंटला जाब विचारल्यासारखं वाटतं, तो स्वतःची बाजू मांडायला लागतो किंवा गप्प होतो, हे या भागाचं पहिलं सूत्र आहे. तेच उलटं शिकवलं तर बाकीच्या उत्तरांवर विश्वास कसा ठेवायचा?

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मला हे सूत्रही पटत नव्हतं. आपल्या खान्देशात ‘काबरं’, म्हणजे ‘का बरं’, हा शब्द मायेचा आहे. ‘काबरं जेवली नाही?’ असं आई विचारते, त्यात कसला जाब? आणि ‘काही होत नाही माय, मी आहे ना’ म्हटल्याशिवाय आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला धीर येत नाही, हे आम्ही रोज बघतो. ॲप त्यालाच खोटा दिलासा म्हणतं आणि चूक देतं. मी तेव्हा एका स्टारचा अभिप्राय लिहूनही ठेवला होता.

तो पाठवला नाही, त्याला कारण वॉर्डातली एक आजी. पायाला जखम, साखर वाढलेली, आणि इन्सुलिनची सुई घ्यायला साफ नकार. मी विचारलं, ‘काबरं नाही म्हणता?’ आजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ‘काही नाही.’ ‘काही होत नाही’ हेही म्हणून पाहिलं, तोंड भिंतीकडेच. रात्री ड्रेसिंग झाल्यावर ट्रे खाली ठेवला, खाटेशेजारी स्टूल ओढलं आणि म्हटलं, ‘सुईचं नाव काढलं की कसं वाटस माय?’ मग मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने आजी हळूच म्हणाल्या, ‘सुई चालू व्हयनी का पाय जास.’ म्हणजे सुई चालू झाली की पाय जातो. त्यांच्या जावेला आधी इन्सुलिन सुरू झालं होतं आणि महिनाभराने पाय कापावा लागला होता. आजींच्या हिशोबात सुईनेच पाय गेला होता. साखर ताब्यात नसली की जखम भरत नाही, पायाला धोका त्याचा असतो, सुई पाय वाचवण्यासाठी आहे, हे समजावलं. मग त्यांच्याच तोंडून परत वदवून घेतलं. सकाळचा डोस आजींनी घेतला.

त्या रात्रीनंतर हे प्रश्न मी वेगळे वाचते. ‘काबरं’ घरी मायेचा असेल, पण युनिफॉर्म घालून, हातात केसपेपर धरून विचारला की तो तसा ऐकू येत नाही.

दुसरी एक गोष्ट ॲपने खरंच चांगली शिकवली: संवादाच्या वेशात आलेला तब्येतीचा प्रश्न ओळखणं. पेशंट म्हणतो, ‘सिस्टर, मी जगत नाही आता,’ आणि श्वास जोरात चाललाय. इथे भावना विचारणारा पर्याय चुकतो. आधी डोक्याकडची बाजू उचलायची, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) बघायचं, बोलणं नंतर. सुरुवातीला असे प्रश्न मी दहातले सहा चुकवायचे, आता एखादा चुकतो.

तक्रार आणखी एक आहे, स्पष्टीकरण फक्त बरोबर उत्तराचं देतात. मी निवडलेला पर्याय कशाने चुकला, ते कळतच नाही. संवादाच्या प्रश्नात तर तेच हवं असतं. मी त्यासाठी शंभर पानी वही केलीय, चुकलेला पर्याय लिहायचा आणि पुढे कारण: जाब, खोटा दिलासा, सल्ला, विषय बदलला. ही वीस रुपयांची वही ॲपपेक्षा जास्त कामाला आली.

मार्चमध्ये मुदत संपते. घेतलं तर तीन महिन्यांचंच घेईन, तेही संच ३१ दुरुस्त झाला तर. ज्यांच्याकडे हे ॲप आहे त्यांनी संच ३१ मधला १७ वा प्रश्न उघडून बघा आणि उत्तर काय दिसतं ते कळवा. माझ्या फोनवर आज सकाळीही ‘भीती का वाटते’ यावरच हिरवी खूण होती.