‘वडिलांच्या कपाटातली’ लॅगावुलिन आणि आमचे ९४५ पौंड

सात जणांचे प्रत्येकी १३५, एकूण ९४५ पौंड. त्यातले ९२० लॅगावुलिन या स्कॉच व्हिस्कीच्या, जुनी म्हणून विकलेल्या बनावट बाटलीचे आणि २५ विमा असलेल्या कुरिअरचे. रक्कम मुद्दाम लिहितोय, कारण बँकेपासून पोलिसांपर्यंत प्रत्येकाने ‘थोडेफार पैसे गेले’ अशा सुरात ती ऐकून घेतली. थोडेफार नाहीत. ९४५ आहेत, आणि त्यातले ८१० माझ्या मित्रांनी माझ्यावर विश्वास ठेवून माझ्या खात्यात टाकले होते.

इथे ब्रिटनमध्ये आमचा आठ जणांचा जुना कंपू आहे. दर खेपेला कोणीतरी एक बाटली आणायची, लेबल झाकून ओतायची, बाकीच्यांनी ओळखायची. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या व्हिस्कीपासून सुरुवात झाली आणि हळूहळू सगळे आयला बेटाच्या धुरकट व्हिस्कीकडे वळले. आमच्यातला एक जण कायमचा भारतात परत निघाला होता. त्याचा जन्म १९८३चा आणि जीव आयलाच्याच लॅगावुलिनवर. निरोपाला काहीतरी तसंच द्यायचं ठरलं.

आज दुकानात सगळीकडे दिसते ती सोळा वर्षांची, म्हणजे तेवढी वर्षं पिंपात मुरलेली लॅगावुलिन. ती १९८८ मध्ये ‘क्लासिक माल्ट्स’ या सहा व्हिस्कींच्या मालिकेत तालिस्कर, ओबन वगैरेंबरोबर आली. त्याआधीची नेहमीची लॅगावुलिन म्हणजे बारा वर्षांची, व्हाइट हॉर्स कंपनीच्या लेबलाची. लॅगावुलिनने स्वतःच्याच आवारात फरशीवर बार्ली पसरून, मोड आणून माल्ट करणं १९७४ मध्ये थांबवलं आणि पुढे माल्ट पोर्ट एलनच्या कारखान्यातून येऊ लागलं. म्हणजे १९८३ मध्ये विकलेली बारा वर्षांची बाटली त्या जुन्या, स्वतःच्या माल्टची. अशी बाटली मित्राच्या हातात द्यायची, त्याच्यासोबत उघडायची, याहून चांगला निरोप आम्हाला सुचला नाही. यात हावरटपणा कुठे होता, कोणी सांगावं.

अशी बाटली एका खासगी विक्रेत्याच्या जाहिरातीत सापडली. जाहिरात कशी होती ते सांगायची गरज नाही, तुम्ही अशा पन्नास वाचल्या असतील. वडील वारले, घर आवरतोय, कपाटात सापडली, मी स्वतः पीत नाही, चांगल्या माणसाच्या हाती जावी एवढीच इच्छा. वडिलांनी १९८३ मध्ये इथल्याच दुकानातून घेतली, असंही त्याने आपणहून सांगितलं. लिलावाच्या संस्थांकडून का नाही घेतली, असं आता सगळे विचारतात. कारण तिथे बोलीच्या वर खरेदीदाराचं कमिशन, त्यावर व्हॅट, आणि निरोपाच्या तारखेच्या आत लिलाव संपायला हवा. नव्हता संपत.

आम्ही डोळे मिटून पैसे फेकले नाहीत. लेबल पुढून, मागून, झाकण, सील, द्रवाची पातळी, तळ, सगळ्याचे फोटो मागितले. त्याने लगेच पाठवले. बँकेच्या ॲपमध्ये नाव आणि खातं जुळतंय का तेही तपासलं. जुळलं. याहून जास्त सामान्य माणसाने काय करायचं?

आणि तरीही सगळं त्या फोटोंतच होतं. तळाचा फोटो. काचेत उठवलेली अक्षरं: ७० सीएल, म्हणजे ७०० मिली. लेबलावरही खाली बारीक ७० सीएल. १९८० च्या दशकात ब्रिटनच्या बाजारातली स्कॉच ७५ सीएलच्या बाटलीत मिळायची. ७० सीएल हे माप इथे रुळलं ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. वडिलांनी १९८३ मध्ये इथल्या दुकानातून घेतलेली बाटली ७० ची असूच शकत नाही. आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलंही होतं, “अरे, जुन्या बाटल्या पंच्याहत्तरच्या असायच्या ना?” त्या मेसेजखाली मिनिटभरात दुसऱ्याने तिकिटांचं विचारलं, तिसऱ्याने हॉलचं, आणि तो प्रश्न वर सरकून गेला. मी तो मेसेज आता कितीदा उघडून बघतो याचा हिशेब नाही. सहा शब्द होते. ९४५ पौंड वाचले असते.

त्याच फोटोत काचेच्या कडेला छापलेला एल अक्षराने सुरू होणारा कोडही दिसतो. तो लॉट नंबर, म्हणजे बाटल्यांच्या खेपेचा क्रमांक. लॉट नंबरची सक्तीसुद्धा नव्वदच्या दशकातली. बाटली मानेपर्यंत काठोकाठ भरलेली होती. चाळीस वर्षांत झाकणातून बहुधा थोडी तरी उडून जाते. अशी भरलेली बाटली क्वचित मिळतेही, पण तेव्हा शंका आधी घ्यावी, कौतुक नंतर करावं.

मी स्कॉचवर इतकं वाचतो, मला हे कळायला हवं होतं, असं माझा मेहुणा म्हणाला. त्याला मी एवढंच सांगितलं की २०१७ मध्ये सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात एका पाहुण्याने १८७८ ची म्हणून मॅकॅलनच्या एका पेगला ९,९९९ स्विस फ्रँक मोजले, आणि तपासणीत ती १९७० च्या सुमाराची ब्लेंड, म्हणजे मिश्र व्हिस्की निघाली. ती तर हॉटेलच्या स्वतःच्या संग्रहातली बाटली होती. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या एका विद्यापीठीय प्रयोगशाळेने ५५ दुर्मीळ बाटल्या तपासल्या, त्यातल्या २१ बनावट निघाल्या किंवा लेबलावरच्या सालच्या नव्हत्या. तिथे लोकांनी लाखो घातले होते. आम्ही त्यांच्यापेक्षा मूर्ख नाही.

निरोपाच्या रात्री बाटली उघडली. व्हिस्की चाखायचे आठ ग्लेनकेर्न ग्लास, प्रत्येकात थोडीशीच. मित्राने नाकाशी नेली आणि काहीच बोलला नाही. लॅगावुलिनचा धूर ग्लास नाकापर्यंत यायच्या आधीच जाणवतो. आयोडिन, समुद्र, विझलेली शेकोटी. इथे व्हॅनिला, साखरेचा गोडवा आणि घशाला कच्ची आग. धुराचा मागमूस नाही. बहुधा स्वस्तातली ब्लेंडेड. मित्र म्हणाला, “छान आहे रे, राहू दे.” तो आम्हाला सांभाळून घेत होता, त्याच्या स्वतःच्या निरोपाला. त्या विक्रेत्याने पैसे नेले त्याचा राग आहेच, पण ते वाक्य मित्राला बोलावं लागलं त्याचा राग जास्त आहे.

आता यंत्रणा. सरकारी पोर्टलवर तक्रार केली. फॉर्ममध्ये दारूसाठी वेगळा पर्याय नाही, म्हणून ‘इतर वस्तू’. क्रमांक मिळाला. पुढे एक ठरावीक ईमेल: तपास पुढे नेण्याजोगे धागे नाहीत. धागे नाहीत? खातेदाराचं नाव आहे, बँकेनेच ते जुळतंय असं सांगितलंय! खातं उघडताना दिलेला पत्ता त्यांच्याकडे आहे. कुरिअरची पावती आहे. फोटो आहेत. बाटली आहे, त्यात निम्मी दारू अजून आहे, तपासायला लागेल तेवढी घ्या. पोलीस ठाण्यात गेलो तर तिथला माणूस मलाच विचारतो, परवाना नसलेल्या माणसाकडून दारू का घेतली? विनापरवाना विकणं हा विकणाऱ्याचा गुन्हा आहे. म्हणजे एका माणसाने दोन गुन्हे केले आणि जाब मी द्यायचा. ग्राहक हेल्पलाइनने सांगितलं, विक्रेता दुकानदार नाही, खासगी व्यक्ती आहे, आम्ही फार काही करू शकत नाही.

आणि बँक. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे की फसवून खात्यातून पैसे पाठवायला लावले तर बँकेने ते परत द्यायचे, ८५,००० पौंडांपर्यंत, फार तर १०० पौंड कापून. मला वाटलं, सुटलो. उत्तर आलं: वस्तू तुमच्यापर्यंत पोहोचली आहे, त्यामुळे हा फसवणुकीचा नाही, दोन व्यक्तींमधला दिवाणी वाद आहे. वस्तू पोहोचली! बनावट लेबल लावलेली बाटली पोहोचली म्हणून फसवणूक नाही? वीट पाठवली असती तर पैसे मिळाले असते का, असं मी लेखी विचारलं. त्याला उत्तर नाही. म्हणून सांगतो, बँकेला पहिल्या फोनमध्येच ‘मनासारखी निघाली नाही’, ‘दर्जा वाईट’ असले शब्द वापरू नका. माझ्या तोंडून पहिल्या फोनवर ‘चव वेगळी आहे’ एवढंच निघालं आणि ते वाक्य त्यांनी प्रत्येक पत्रात उद्धृत केलं. ‘बनावट लेबल लावून हेतुपुरस्सर फसवलं’ असं सरळ म्हणा, आणि ७० सीएलसारखे पुरावे त्याच दिवशी लेखी द्या.

जुनी बाटली घ्यायचीच असेल तर परवाना असलेल्या दुकानातून किंवा लिलाव संस्थेतून. दुकानातून घेताना शक्यतो क्रेडिट कार्डाने. १०० पौंडांच्या वरच्या आणि ३०,००० पर्यंतच्या खरेदीला इथल्या कायद्याच्या कलम ७५ चं संरक्षण मिळतं, बँक ट्रान्सफरला ते नाही. विक्रेता साल सांगेल त्या सालचं माप, लॉट कोड, लेबलावरचं कंपनीचं नाव आधी जुळवा, चवीच्या गप्पा नंतर. रिकाम्या जुन्या बाटल्या ऑनलाइन विकू नका, फोडून टाका. त्याच भरून परत येतात. आणि ग्रुपवर कोणी शंका विचारली तर तिचं उत्तर मिळेपर्यंत पैसे पाठवू नका, मग तिकिटं, हॉल काहीही असो.

बँकेच्या अंतिम उत्तरानंतर सहा महिन्यांच्या आत वित्तीय लोकपालाकडे जाता येतं, फुकट. आमचा अर्ज गेला आहे. सहाही जणांचे १३५ मी परत द्यायला निघालो होतो, कोणी घेतले नाहीत.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, वडिलांऐवजी आता काका, मागणी ८८० पौंड. फोटो आमच्याच बाटलीचे, तळाचाही. मी ती लगेच कळवली आहे. हे लिहितोय तेव्हाही ती तिथेच आहे.