०:०:५०ची बॅग: कुठल्या रानात पैसे फिटतात, कुठे नाही

फळाच्या फुगवणीला ठिबकातून काय सोडू, असं विचारलं की मराठवाड्यातल्या बहुतेक कृषी सेवा केंद्रांत दुकानदाराचा हात आपोआप ०:०:५०च्या २५ किलोच्या बॅगेकडे जातो. हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश (पोटॅश) यांचे टक्के. खत चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पोटॅश म्हणजे ०:०:५०च, हा समज महागात पडतो.

आधी हिशोब. बॅगेची किंमत बघू नका, आतल्या पालाशाची बघा. २५ किलो ०:०:५० (म्हणजे एसओपी, सल्फेट ऑफ पोटॅश) मध्ये १२.५ किलो पालाश असतं. ५० किलोच्या एमओपीच्या (म्युरिएट ऑफ पोटॅश) गोणीत, तांबडं असो की पांढरं, ३० किलो. १३:०:४५च्या (पोटॅशियम नायट्रेट) २५ किलोत सव्वाअकरा किलो पालाश आणि सव्वातीन किलो नत्र. साखर कारखान्यांच्या मळीपासून निघणाऱ्या पीडीएम या पोटॅश खताच्या ५० किलोत जेमतेम सव्वासात. किंमत या आकड्याने भागली की दुकानातच डोळे उघडतात.

मग ०:०:५०चे जास्तीचे पैसे कशाचे? मुख्यतः क्लोराईड नसण्याचे, आणि सोबतच्या साडेसतरा टक्के गंधकाचे. एमओपीत वजनाने जवळजवळ निम्मं क्लोराईड असतं. पाऊस भरपूर आणि निचरा चांगला असेल तर ते धुऊन जातं. आपल्या भारी काळ्या रानात, ठिबकवर, ते ओलाव्याच्या कडेला साठत राहतं आणि पहिल्या हलक्या सरीबरोबर परत मुळांकडे सरकतं. (म्हणून अशा सरीतही ठिबक थोडा वेळ चालू ठेवावं.) द्राक्ष, मोसंबी, मिरची, घेवडा यांना हे सोसत नाही. जुन्या पानांची टोकं आणि कडा करपतात, आणि गंमत म्हणजे पालाशाची कमतरताही तशीच दिसते, त्यामुळे माणूस आणखी एमओपी टाकतो. या पिकांना ०:०:५०चे पैसे फिटतात. बोअरचं पाणी खारट असेल तर बाकी पिकांनाही.

केळीचं गणित वेगळं. झाडाला २०० ग्रॅम पालाश आणि दीड बाय दीड मीटरवर एकरी १,७७७ झाडं धरली तर पांढऱ्या पोटॅशच्या (पांढऱ्या एमओपीच्या) १२ गोण्या लागतात. तेच ०:०:५०ने द्यायचं तर २५ किलोच्या २८-२९ बॅगा. पाणी गोडं असेल तर नांदेडमधल्या अर्धापूरकडच्या केळीला पांढरं पोटॅश ठिबकातून हप्त्याहप्त्याने देणं शहाणपणाचं. तांबडं मात्र ठिबकात नको, त्यातला लोहाचा गाळ फिल्टरवर बसतो.

आता ०:०:५०ची खरी खोड: ते विरघळायला हट्टी आहे. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११० ग्रॅम, त्यापुढे नाही. २० लिटरच्या बादलीत ५ किलो ओतलं की अर्ध्याहून अधिक तळाशी पांढऱ्या रेतीसारखं बसतं. व्हेंच्युरी (ठिबकात खताचं पाणी ओढणारी नळी) वरचं पाणी ओढते, गाळ बांधावर जातो आणि दोष बॅगेला लागतो. ५ किलोला ७५ ते १०० लिटर पाणी घ्या, डिसेंबर-जानेवारीत जास्तच. आधी पाणी, मग थोडंथोडं खत, दहा मिनिटं ढवळणं. १३:०:४५ याच्या जवळपास तिप्पट विरघळतं. ते टाकताना बादली हाताला गार लागते, त्यात खोट काही नाही. सोडताना एकूण वेळेचे तीन भाग करा: आधी साधं पाणी, मध्ये खत, शेवटी पुन्हा साधं पाणी.

कॅल्शियम नायट्रेट त्याच टाकीत कधीच नाही. सल्फेट आणि कॅल्शियम भेटले की जिप्सम तयार होतं आणि ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं कवच धरतं. चुन्याचा थर आम्लाने निघतो, जिप्सम तसं निघत नाही. मग नळ्या बदलायची वेळ येते. दोन खतांत दोन दिवस अंतर ठेवावं.

माती परीक्षणात काळ्या रानाचं पालाश बहुधा 'भरपूर' येतं आणि ते खरंही असतं. म्हणून बेसलमध्ये (सुरुवातीच्या मात्रेत) गोण्या ओतण्यात अर्थ नाही. पण ठिबकवर मुळं ओल्या पट्ट्यापुरती असतात, फळ ओढतं झपाट्याने आणि रान सुकलं की पालाश मुळांपर्यंत पोचत नाही. त्यामुळे मोसंबी लिंबाएवढी झाल्यापासून आठवड्याला एकरी ३ ते ५ किलो ०:०:५० वाफशावर सोडणं उपयोगी. बालाघाट डोंगररांगेवरच्या हलक्या, मुरमाड रानाची गोष्ट निराळी. तिथे सुरुवातीपासून हप्त्याने द्यावं लागतं.

फवारणीकडून फार अपेक्षा नको. १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम, एकरी २०० लिटर पाणी, म्हणजे पिकाला मिळालं अर्धा किलो पालाश. मुळं थंडावली असताना आधार म्हणून ठीक. दुपारच्या उन्हात मारलं तर पान भाजतं.

पालाश अति झालं तर मोसंबीत लगेच दिसतं. फळ मोठं, पण साल जाड, खरबरीत. रस आंबट, रंग उशिरा. जालन्याच्या बाजारात व्यापारी साल दाबून बघतो तेव्हा हेच पकडतो. सोबत मॅग्नेशियम अडतं: जुनं पान पिवळं पडतं आणि देठाकडे हिरवा त्रिकोण राहतो. तिथे पोटॅशियम शोनाईट बरं, त्यात २३ टक्के पालाशाबरोबर मॅग्नेशियमही येतं.

'पोटॅश' असं ठळक छापलेल्या लिटरच्या बाटल्या बऱ्याचदा ह्युमेटच्या किंवा जिवाणूंच्या असतात. त्यांचं काम असेल ते असो, पालाशाचा हप्ता त्यांच्यावर सोडू नये.

बॅग घेताना मागची बाजू वाचा: पालाश ५०, गंधक १७.५, क्लोराईड जास्तीत जास्त २.५ टक्के. भेसळ बहुधा स्वस्त एमओपीची किंवा मिठाची असते आणि रंगावरून, चवीवरून ती कळत नाही. द्राक्षबागेसाठी एकदम दहा-वीस बॅगा घेणार असाल तर एका बॅगेतला नमुना क्लोराईडसाठी प्रयोगशाळेत द्या, आणि बॅच नंबर लिहिलेलं पक्कं बिल घेतल्याशिवाय बॅगा गाडीत चढवू नका.