वाशीतलं पायलट काउन्सेलिंग, चार स्टार
पोराला पायलट व्हायचंय, म्हणून वाशी स्टेशनजवळच्या एका काउन्सेलरकडे गेलो, वाटलं हापण लगेच अ‍ॅडमिशनचा फॉर्म पुढे करेल, पण नाही, आधी डीजीसीएचं (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) क्लास २ मेडिकल, म्हणजे प्राथमिक तपासणी करा, मग क्लास १, म्हणजे कमर्शियल पायलटला लागणारी कडक तपासणी, ते हातात येईपर्यंत फ्लाइंग स्कूलला रुपया देऊ नका म्हणाले. चष्मा चालतो, नंबर नीट करेक्ट झाला पाहिजे बस, खरी गोची कलर व्हिजनची, ते इशिहाराचे ठिपके, म्हणजे रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायची टेस्ट. आणि एकदा पास झालं की सुटलो असं नाही हां, क्लास १ चाळिशीच्या आतसुद्धा दरवर्षी रिन्यू करावं लागतं, तेव्हा सोबत डिग्री चालू ठेवा, हे आमच्या हिला फारच पटलं. वेटिंग मात्र वैताग, एसी नुसता नावाला.