घरगुती निगेटिव्ह स्कॅनर: स्लो आहे, होल्डर भिकार आहे, तरी घ्या

विशी-पंचविशीतले माझे सगळे फोटो निगेटिव्हवरच पडून होते. प्रिंट फार थोड्या, कारण तेव्हा हातात पैसे नसायचे, रोल धुऊन आला की उजेडात धरून त्यातले जे बरे दिसतील तेवढेच काढून घ्यायचे, बाकीच्या पट्ट्या पाकिटात. शेवटी एक फ्लॅटबेड स्कॅनर घेतला, झाकणात लाइट असलेला. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आधी तक्रारी. बॉक्सवर 6400 डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपतो तो आकडा) लिहिलंय, त्याच्या नादी लागू नका, फाइल अवाढव्य होते आणि डिटेल काही त्या हिशोबात वाढत नाही. 36 बाय 24 मिमीची फ्रेम 2400 ला साधारण पावणेआठ मेगापिक्सेलची होते, घरी बघायला भरपूर झालं. होल्डर म्हणजे तकलादू प्लास्टिक, वर्षानुवर्षं गुंडाळी होऊन पडलेली पट्टी त्यात सपाट बसतच नाही, कड वर उचलली जाते आणि तेवढा भाग ब्लर. धूळ काढायचं इन्फ्रारेड फीचर कलर निगेटिव्हवर झकास चालतं, पण साध्या ब्लॅक अँड व्हाइटवर बंद ठेवा, त्यातली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि मग सॉफ्टवेअर चेहऱ्यालाच धूळ समजून पुसायला लागतं. हे मॅन्युअलमध्ये कुठेतरी बारीक अक्षरात आहे, कोण वाचतंय.

आणि स्लो. धूळवालं फीचर चालू असलं की एकेका फ्रेमला इतका वेळ की तुम्ही नुसते बसून राहता. पण खरं सांगू का, मला मजा तिथेच आली. अल्बममध्ये निवडून लावलेले फोटो असतात, पट्टीवर मात्र सगळं ओळीने, नंबरासकट, 13 नंतर 14च. निरोपाच्या दिवशीचा पायऱ्यांवरचा ग्रुप फोटो इतकी वर्षं बघतेय, सगळे खिदळतायत, आणि तो दिवस मला तसाच आठवायचा. तो फोटो 14 नंबर. 13 मध्ये त्यातलेच दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे, तोंडं फुगलेली, आणि 15 मध्ये त्यातला एक गायबच. 16 ला माझा बूट.

त्याहून भारी म्हणजे एक मैत्रीण. एकाही प्रिंटमध्ये ती नाही, म्हणून माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की त्या काळात आमचं फारसं नव्हतंच. रोलवर बघते तर ही जवळपास प्रत्येक ठिकाणी, माझ्या शेजारी, माझाच स्वेटर घालून, फक्त दर वेळी डोळे मिटलेले, म्हणून प्रिंटच काढली नाही कधी! सगळे पाठवले तिला. रिप्लाय आला, ‘एक तरी धड आहे का गं?’

चाळिशीनंतर माणसाला साधारण दहा ते तीस वयातलं जरा जास्तच आठवतं, मानसशास्त्रात त्याला रेमिनिसन्स बम्प म्हणतात. आठवतं हे खरंय, पण माझ्यापुरतं म्हणाल तर त्यातलं बरंचसं त्या प्रिंटांवरनंच आठवत होतं.

रेटिंग पाचपैकी साडेतीन, कापलेल्यातला एक पूर्ण मार्क त्या होल्डरचा. पट्ट्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर त्या सगळ्यात आधी स्कॅन करा, फिल्मचा बेस सडायला लागलेला असतो आणि ते मागे फिरत नाही. ढीगभर रोल असतील, एवढा वेळ नसेल तर सरळ लॅबला द्या, फक्त देताना बजावून सांगा की हललेल्या, अर्धवट, डोळे मिटलेल्या सगळ्या फ्रेम हव्यात, नाहीतर तेही चांगलेच फोटो निवडून देतील.