जुन्या गाडीला स्वस्तातलं रिमोट स्टार्ट: डबा चांगला, सोबतच्या क्लिपा नकोत

सुरुवातीलाच सांगतो, लांबून बटन दाबून गाडी चालू करणारं हे रिमोट स्टार्टचं किट मला आवडलंय. साध्या चावीची, फ्युएल इंजेक्शनवाली, ऑटोमॅटिक गिअरची जुनी गाडी असेल तर बिनधास्त घ्या, फक्त या वाक्यातला एकेक शब्द महत्त्वाचा आहे आणि गिअर मॅन्युअल असेल तर खालचं सगळं वाचल्याशिवाय ऑर्डर करूच नका. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही कारण असले डबे बरेचदा एकाच घडणीचे असतात आणि वेगवेगळ्या नावाने विकले जातात, त्यामुळे काय बघून घ्यायचं ते कळलं की पुरे.

लोक म्हणतात जुन्या गाडीत कशाला असले लाड, नवीन गाडीत कंपनीकडूनच येतं की. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे, हे काम जुन्या गाडीतच सोपं. नवीन गाडीत चावीत चिप, सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलणार, बाहेरचा डबा बसवायचा तर त्या सगळ्यांना पटवायला लागतं. जुन्या गाडीत इग्निशन स्विचच्या मागे चार-पाच जाड वायरी असतात, चावी फिरवली की त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि गाडी चालू होते, विषय संपला. रिमोट स्टार्टचा डबा तेच काम आतल्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) करतो. म्हणजे तुमच्याऐवजी तो चावी फिरवतो, पण तुम्ही चावी फिरवताना गिअर कुठेय, समोर कोण उभं आहे हे बघता, डब्याला डोळे नाहीत. त्याला जे कळतं ते तीन-चार बारीक वायरींमधूनच कळतं, आणि स्वस्तातल्या कामात लोक नेमक्या त्याच वायरी जोडायच्या टाळतात. हा सगळा रिव्ह्यू मी खरं तर त्या बारीक वायरींसाठीच लिहितोय.

डब्यात काय आलं तर मुख्य मॉड्यूल, दोन रिमोट, वायरींचा गुच्छ, काचेला चिकटवायचा अँटेना, बॉनेटचा स्विच, व्हॅले स्विच (रिमोट स्टार्ट तात्पुरतं बंद ठेवायचा), एक छोटा एलईडी, आणि निळ्या-लाल टॅप क्लिपा, ज्या वायरीवर दाबल्या की आतलं पातं इन्सुलेशन कापून तांब्याला लागतं. मॉड्यूलची घडण चांगली आहे, रिले दणकट आहेत, आवाज खणखणीत येतो. माहितीपत्रक मात्र अगदीच वाईट, अक्षर बारीक आणि आकृतीतले वायरींचे रंग हातातल्या वायरींशी पूर्ण जुळत नाहीत, त्यामुळे रंगांपेक्षा कप्लरवरच्या (वायरी जोडायच्या प्लगवरच्या) जागा बघून काम करा.

आणि त्या टॅप क्लिपा सरळ बाजूला ठेवा. इग्निशनच्या या वायरींतून ब्लोअर, फ्युएल पंप, सेल्फचा (स्टार्टर मोटरचा) सोलेनॉइड सगळ्याचा करंट जातो, काही गाड्यांत एका वायरीतून 20-30 अँपिअरपर्यंत. क्लिपचं पातं वायरीच्या काही तारा तोडतं आणि उरलेल्यांना निसटतं टेकतं, मग ऊन, थंडी, हादरे खाऊन ते ढिलं झालं की तिथेच गरम व्हायला लागतं. जुन्या गाडीचं इन्सुलेशन आधीच कडक झालेलं असतं त्यात ही भर. वायर थोडी सोलून, नवीन तार घट्ट गुंडाळून, सोल्डर मारून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) किंवा चांगली टेप, आणि जॉइंट हलणार नाही असा बांधून टाका. चांगलं क्रिंपिंग (जॉइंट पकडीने दाबून बसवणं) येत असेल तर तेही चालतं. वेळ जास्त लागतो पण स्टेअरिंगखाली आग लागण्यासारखं दुसरं वाईट काही नाही.

वायरी शोधायला मल्टीमीटर पाहिजेच. इंटरनेटवर मिळालेल्या रंगांच्या तक्त्यावर विसंबू नका, जुन्या गाडीत आधीच्या मालकाने म्युझिक सिस्टम, सेंट्रल लॉक, काय काय बसवताना वायरी बदललेल्या असतात. चावी काढलेली असतानाही 12 व्होल्ट दाखवते ती बॅटरीची. चावी ऑनला आल्यावर येते आणि सेल्फ मारतानाही जात नाही ती इग्निशन. ऑनला येते पण सेल्फ मारताना गुल होते ती अ‍ॅक्सेसरी, आणि फक्त सेल्फ मारतानाच येते ती स्टार्टर. काही गाड्यांत इग्निशनच्या दोन वायरी असतात, त्यातली दुसरी राहिली तर गाडी चालू होऊन लगेच बंद पडते किंवा काहीतरी अर्धवट चालतं. टेस्ट लॅम्प वापरू नका, तो करंट ओढतो आणि चुकून इसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) वायरीला लागला तर महागात पडतं. पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर त्या बहुतेक एअरबॅगच्या, त्यांच्या वाटेलाच जायचं नाही. मोजणी झाली की बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि मगच सोलायला घ्यायचं.

अर्थ (डब्याची निगेटिव्ह) द्यायचा तो रंग खरवडून चकचकीत केलेल्या बॉडीच्या पत्र्याला, डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधल्या कुठल्यातरी स्क्रूला नाही. असल्या किटचं मनाला येईल तसं वागणं बरेचदा अर्थवरच येऊन थांबतं. फ्यूज जिथून करंट घेतला त्याच्या जवळ.

आता त्या बारीक वायरी. पहिली ब्रेकची. ब्रेक पेडलच्या स्विचवरून येते, पेडल दाबलं की 12 व्होल्ट मिळतात आणि चावीशिवाय चालू असलेलं इंजिन डबा तिथल्या तिथे बंद करतो. कुणी काच फोडून आत बसला आणि गिअर टाकायला ब्रेक दाबला तर गाडी बंद पडते ती या वायरीमुळे. ब्रेक लाइटचा फ्यूज उडाला असेल तर मात्र डब्याला पेडल दाबल्याचं कळेलच असं नाही, म्हणून ब्रेक लाइट लागतात का ते अधूनमधून बघत जा.

दुसरी बॉनेटची. बॉनेट उघडलं की स्विच वर येतो, वायरीला अर्थ मिळतो आणि डबा स्टार्ट घेत नाही. यात एक गोम आहे, वायर तुटली किंवा स्विच गंजला तर अर्थ मिळतच नाही, म्हणजे डब्याला वाटतं बॉनेट बंद आहे. बॉनेट उघडून कुणी पट्ट्यापाशी हात घातलाय आणि घरातून कुणीतरी रिमोट दाबलं तर काय होईल याचा विचार करा. हा स्विच पाणी साचणार नाही अशा जागी बसवा आणि मधूनमधून बॉनेट उघडं ठेवून, लांब उभं राहून रिमोट दाबून बघा, गाडी चालू व्हायला नको.

तिसरी न्यूट्रलची, गाडी गिअरमध्ये नाही हे डब्याला सांगणारी, आणि इथे मला खरंच राग येतो. पत्रकात एका ओळीत लिहिलंय की ऑटोमॅटिक असेल तर ही वायर सरळ अर्थला जोडा. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत सेल्फची लाइनच पी (पार्क) आणि एनच्या (न्यूट्रलच्या) स्विचमधून जाते त्यामुळे गिअरमध्ये सेल्फ लागत नाही, पण काही जुन्या गाड्यांत ही अडवणूक फक्त चावीच्या खाचेत मेकॅनिकल असते, वायरीत काहीच नसतं. अशा गाडीत डबा गिअरमध्येही सेल्फ मारेल. म्हणून टेस्ट करायचीच. मोकळी जागा, समोर-मागे कुणी नाही, हँडब्रेक ओढलेला, बॉनेट बंद, चावी ऑनला, गिअर डीमध्ये (ड्राइव्हला), पाय ब्रेकच्या वर तयार पण टेकलेला नाही, कारण ब्रेक दाबलेला असेल तर डबा तसाही स्टार्ट घेत नाही आणि तुम्हाला वाटेल टेस्ट पास झाली. मग रिमोट दाबायचं. सेल्फ हलला तर ती वायर गिअरच्या स्विचवर नेल्याशिवाय किट वापरायचं नाही. माझी गाडी डीमध्ये आणि आरमध्ये (रिव्हर्सला) दोन्हीकडे गप्प राहिली, मग मी निश्चिंत झालो.

मॅन्युअल गिअरवाल्यांनी इथे जरा थांबा. आपल्यातले किती जण गाडी गिअरमध्ये टाकून लावतात! त्या गाडीत क्लच पेडलचा स्विच असेल आणि कुणी तो बायपास करून रिमोट स्टार्ट बसवलं, तर बटन दाबताच गाडी उडी मारून पुढे जाणार, कदाचित चालूही होणार. यावर चांगल्या किटमध्ये रिझर्वेशन मोड असतो: गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू ठेवून चावी काढायची, खाली उतरून दार बंद केलं की इंजिन बंद होतं आणि मगच पुढचा रिमोट स्टार्ट मान्य होतो, मधे दार उघडलं की तो रद्द. हे चालण्यासाठी सगळ्या दारांचे स्विच आणि हँडब्रेकचा स्विच धडधाकट पाहिजेत, आणि जुन्या गाडीत नेमके तेच मेलेले असतात. या किटमध्ये रिझर्वेशन मोड नाही, फक्त हँडब्रेकची वायर आहे. तेवढ्यावर मी मॅन्युअल गाडीत हे बसवणार नाही आणि कुणाला बसवूही देणार नाही.

इंजिन चालू झालंय हे डब्याला कसं कळतं हाही मुद्दा आहे. फॅक्टरी सेटिंगमध्ये तो बॅटरीचा व्होल्टेज बघतो, सेल्फ मारताना पडतो आणि अल्टरनेटर चालू झाला की चढतो. बॅटरी जुनी असेल तर हा अंदाज चुकतो, सेल्फ लवकर सोडतो किंवा इंजिन चालू झाल्यावरही घासत राहतो. टॅकची (इंजिनचे फेरे मोजायची) वायर इंजेक्टर किंवा कॉइलवरून घ्या, मीटर एसी व्होल्टवर ठेवला की आयडलला (रेस न देता) साधारण 1 ते 6 च्या मधे दाखवतो आणि रेस दिली की वाढतो. ती शिकवल्यावर माझ्या गाडीचा सेल्फ अगदी वेळेवर सुटायला लागला. डिझेल असेल तर ग्लो प्लग गरम व्हायला थांबण्याचं सेटिंग बघा. कार्ब्युरेटर आणि हाताचा चोक असेल तर सोडून द्या, थंड इंजिनला चोक ओढायला आणि पिकअप द्यायला माणूसच लागतो.

चावीत चिप असेल तर वेगळं बायपास मॉड्यूल (चिपवाली चावी लागल्याचं गाडीला भासवणारं) लागतं. युरोपात नवीन गाड्यांना इमोबिलायझर (ओळखीची चिप नसेल तर इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) 1998 पासून सक्तीचा झाला, कॅनडात 2007 मध्ये, बाकी ठिकाणी नियम वेगळे, त्यामुळे नव्वदच्या दशकातली गाडी असली तरी आधी खात्री करा. दुसरी चावी गाडीतच लपवून काम भागवणारे आहेत, मला ते पटत नाही, चोरासाठी किल्ली ठेवण्यासारखं आहे. रिमोटही रोलिंग कोडचं (दर वेळी कोड बदलणारं) आहे का ते विचारून घ्या, फिक्स कोडवाल्याचा सिग्नल रेकॉर्ड करून परत वाजवता येतो. रेंज जाहिरातीत लिहिलीय तेवढी अजिबात नाही, मधे भिंती आल्या की खूपच कमी होते. रिमोट एकतर्फी आहे, गाडी चालू झाली का ते त्याच्यावर कळत नाही, ही मोठी उणीव.

वापरायला कसं? उन्हात तापलेल्या गाडीत एसीचं बटन आधीच ऑन ठेवून उतरायचं, परत येण्याआधी रिमोट दाबलं की आत बसवतं तरी. थंडीत काचा साफ होतात. पण इंजिन गरम करायला म्हणून पंधरा मिनिटं चालू ठेवू नका, इंजेक्शनचं इंजिन थोड्या वेळाने हळू चालवत नेलं की जास्त लवकर गरम होतं आणि पेट्रोल वाया जात नाही. मी रन टाइम सगळ्यात कमी ठेवलाय. बसल्यावर चावी घालून फक्त ऑनपर्यंत फिरवायची, सेल्फपर्यंत नाही, मग ब्रेक दाबायचा.

बंद गॅरेजमध्ये गाडी लागत असेल तर हे किट घेऊच नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रिमोट खिशात चुकून दाबलं जाऊ शकतं. घराला जोडून गॅरेज असेल तर आणखीच धोक्याचं.

स्टँडबायला माझ्याकडचा डबा 20 मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे महिनाभर गाडी उभी राहिली तर 14-15 अँपिअर-अवर गेले, छोट्या बॅटरीचा तिसरा हिस्सा. रोजच्या गाडीला काही फरक पडत नाही, महिनोन्महिने उभ्या असणाऱ्या गाडीचा फ्यूज काढून ठेवा.

आणि व्हॅले स्विच हाताला लागेल असा बसवा. गाडी गॅरेजला देताना तो ऑन करून, मेकॅनिकला तोंडाने सांगून, दोन्ही रिमोट स्वतःकडे ठेवून यायचं. कुठली वायर कुठे जोडली ते कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवलंय मी, पुढे कुणी स्टेअरिंगखाली हात घालेल त्याला कळायला पाहिजे तिथे काय आहे ते.